पिकअपमधल्या ‘चोवीस तास लाइन’च्या सदोष फिटिंगबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पिकअपच्या हौद्यात फ्रिजसाठी केलेले धोकादायक वायरिंग बदलून मिळणे व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

डिसेंबरमध्ये आपल्या सांगलीच्या शाखेतून मी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज घेतला आणि त्याचे वायरिंगही आपल्याच माणसांकडून करून घेतले. बिलावर ‘२४ तास लाइन, हौद्यात पॉइंट’ (म्हणजे गाडी बंद असतानाही करंट देणारी लाइन) असे तुमच्याच काउंटरच्या अक्षरात लिहिले आहे.

मी विटा-खानापूर भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरची लासोटा आणि गंबोरो रोगावरची लस पोहोचवतो. लस २ ते ८ अंशांतच राहावी लागते. पहाटे शेडवर पोहोचायचे असल्याने माल आदल्या संध्याकाळी गाडीत भरतो. म्हणजे फ्रिजची खरी गरज गाडी बंद असताना, रात्री. हे मी फिटिंगच्या आधी सांगितले होते, म्हणून तर बिलावर ते शब्द आले.

तरीही तुमच्या माणसाने लाइन घेतली ती सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून. माझ्या गाडीत तो पॉइंट किल्लीवर चालतो. किल्ली काढली की करंट बंद. दुकानाच्या दारात इंजिन चालू ठेवून फ्रिज दाखवला, तेव्हा सगळे झकास. किल्ली काढून टेस्टरचा दिवा एकदा लावला असता तर तिथेच कळले असते. मला कळले पहाटे, किल्ली फिरवल्यावर फ्रिजच्या डिस्प्लेवर १९ हा आकडा उमटला तेव्हा. सगळा माल टाकून द्यावा लागला. लस बिघडली तरी रंग बदलत नाही, वास येत नाही. पाण्यातून पाजली तर पक्षी पितातही. कळते ते राणीखेत शेडमध्ये शिरल्यावर, आणि तेव्हा शेतकरी लस देणाऱ्यालाच धरतो, फ्रिज विकणाऱ्याला नाही.

तक्रार केल्यावर तोच माणूस आला आणि ‘डायरेक्ट बॅटरीला मारून देतो’ म्हणून अर्ध्या तासात काम उरकून गेला. माझी मुख्य तक्रार या दुसऱ्या कामाबद्दल आहे, कारण पहिल्याने माल गेला, दुसऱ्याने गाडी जळाली असती.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर त्याने वायरीच्या टोकाची नुसती थिंबल (धातूची कडी) अडकवली, फ्यूज नाही. विचारले तर म्हणाला, फ्रिजच्या प्लगमध्ये आहे की. तो फ्यूज वायरीच्या दुसऱ्या टोकाला! बॅटरीपासून हौद्यापर्यंत वायर मध्ये कुठेही बॉडीला टेकली, तर तो फ्यूज काय करणार? बॅटरीचा सगळा करंट त्या वायरीतूनच जाणार. आणि ती टेकायचीच बाकी होती. केबिनमागे पत्र्याला भोक पाडून वायर नेली आहे, पण भोकात रबराचा ग्रोमेट, म्हणजे वायर पत्र्याला घासू नये म्हणून बसवायची कडी, बसवलेला नाही. गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने वायर ओढून दाखवली, तेव्हा पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन कापून तांबे उघडे पडले होते आणि कडेवर काळा डाग होता. फोटो सोबत आहे, जरा मोठा करून बघा.

वायर १ चौ. मिमीची, अर्थची वायर चासीच्या रंग न खरवडलेल्या बोल्टवर. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि फ्रिज चालू असताना प्लगमध्ये ११.५. एवढा व्होल्टेज वाटेतच गळत असल्याने कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिज ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडत होता. तुमच्या माणसाने त्यावर इलाज काय केला, तर बॅटरी संरक्षणाची, म्हणजे बॅटरी उतरू लागली की फ्रिज बंद करणारी सेटिंग सर्वांत खाली आणून ठेवली. दुखणे तसेच ठेवून ताप मोजायचा थर्मामीटर फेकून द्यावा तसे.

त्याचे फळ रविवारच्या सुट्टीनंतर मिळाले. फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो. एका रात्रीला २० अँपिअर-तास धरा. माझी बॅटरी ८० ची, एक रात्र ती आरामात काढते. पण शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट गाडी उभी राहिली की हिशेब ७० च्या घरात जातो. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी असते, अशी तळापर्यंत रिकामी करण्यासाठी नव्हे. संरक्षण खाली ओढल्यामुळे फ्रिजने शेवटपर्यंत करंट ओढला आणि सोमवारी सेल्फ टकटक करून गप्प. सुट्टीच्या दिवशी फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर लावायचा, हे विकतानाच सांगितले असते तर मी ॲडॉप्टरही तेव्हाच घेतला असता.

फोनवर मला ‘बॅटरी खराब असेल’ असे सांगण्यात आले. बॅटरीवाल्याने चार्ज करून लोड टेस्ट केली. बॅटरी ठीक आहे, त्याची चिठ्ठी जोडली आहे. मग सांगितले, ‘गाडी कमर्शियल, म्हणून वॉरंटी नाही.’ तुमच्या वॉरंटी कार्डावर अशी अट कुठेही नाही. शिवाय स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकच ठरतो. गाडी मीच चालवतो, माल मीच उतरवतो.

तूर्त मी ती वायर बॅटरीवरून काढून टाकली आहे आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून धंदा चालवतो आहे. मला हवे ते असे : बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, फ्रिजपर्यंत ४ चौ. मिमीची तांब्याची वायर आणि तेवढ्याच जाडीची अर्थची वायर परत बॅटरीपर्यंत. संपूर्ण वाटेवर फ्लेक्झिबल पाइप, पत्र्यात ग्रोमेट. आणि गाडी सुरू होण्याइतका चार्ज राखून फ्रिजचा करंट तोडणारा कट-ऑफ. हे सगळे विनामूल्य, आणि या वेळी वायरिंग समजणाऱ्या माणसाकडून. फिटिंगची मजुरी आणि वाया गेलेल्या लसींची किंमतही परत हवी. बिले जोडली आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा आयोगाकडे जाईन. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. दुपारी दोननंतर गाडी विट्यातच असते.

आपला,
(सही)
पिकअपमालक व ग्राहक, विटा, जि. सांगली

सोबत : बिलांच्या प्रती, वायरिंगचे फोटो, बॅटरी तपासणीची चिठ्ठी