बटाट्यावरचा रुपेरी डाग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बाजारात शीतगृहातला बटाटा येतो. त्यावरचे राखाडी चट्टे पाहून गिऱ्हाईक ‘औषध मारलंय’ म्हणतं, तर दुकानदार ‘माती आहे, धुतली की जाईल’ म्हणतो. दोघंही चुकतात. हा हेल्मिंथोस्पोरियम सोलानी या बुरशीचा, फक्त सालीचा रोग आहे. त्याला सिल्व्हर स्कर्फ म्हणतात.

ओळखायला बटाटा धुवावा आणि ओला असतानाच उजेडात तिरका धरावा. कोरडा असताना फिकट तपकिरी वाटणारा चट्टा रुपेरी चमकतो. ताज्या डागाची कड काजळी लागल्यासारखी असते; दहापट भिंगाखाली तिथे काळे, ताठ केस दिसतात. तरी शंका उरली, तर ओल्या कागदासोबत पिशवीत घालून आठ-दहा दिवस घरातच ठेवावा. काजळी ठळक होते.

खरी गल्लत होते ती ब्लॅक डॉट या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाशी. त्याचा चट्टाही असाच, पण कड वेडीवाकडी आणि सालीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके रुतलेले. पुष्कळदा दोन्ही रोग एकाच बटाट्यावर असतात. रायझोक्टोनिया या आणखी एका बुरशीचे सालीवरचे काळे खडे धुऊन जात नाहीत, नखाने मात्र निघतात. खवड्या रोगाचा डाग बुचासारखा खडबडीत लागतो. डाग खोल गेला असेल आणि त्यावर सुरकुत्यांची वर्तुळं असतील, तर ती फ्युझेरियम बुरशीची कोरडी सड. तो बटाटा टाकावा.

रुपेरी डागाचा बटाटा सोलून खुशाल खावा, आत तो पांढराच असतो. नुकसान होतं ते वजनाचं: रोगट सालीतून पाणी उडतं आणि बटाटा सुरकुततो.

रोग बेण्यातून येतो, वाढतो साठवणीत. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी फोफावते, आणि आपल्याकडे आषाढात ती सहज जाते. शिवाय शीतगृहातला थंडगार बटाटा किनाऱ्याच्या दमट हवेत आला की त्याला घाम फुटतो. तशीच शिवलेली गोणी थप्पीला लावली, तर ते पाणी आतच राहतं. म्हणून व्यापाऱ्यांनी माल उतरताच गोण्या सोडून, पंख्याखाली पसरून तो कोरडा करावा. जुनी गोणपाटं पुन्हा वापरू नयेत; धुळीत बीजाणू असतात. घरी प्लास्टिकची पिशवी नको. अंधाऱ्या, वारा खेळत्या जागी बांबूची टोपली बरी. उजेडात बटाटा हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा मात्र खाऊ नये. धुवायचा तो चिरण्याआधी, साठवण्याआधी नव्हे.

डागाळलेला, मोड आलेला बटाटा परसात लावण्याची सवयही सोडावी. नवं पीक तोच रोग घेऊन निघतं.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी