आर्मस्ट्राँगची तबकडी परत आली त्याविषयी

दादर, मुंबई

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुम्हा मित्रांच्या रविवारच्या तबकड्यांच्या अदलाबदलीत तू दिलेली लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकेतल्या काळ्या जॅझ तुतारीवादक-गायकाची एलपी एकाने परत आणली, कारण त्याच्या मते हा माणूस गोऱ्या प्रेक्षकांपुढे दात काढणारा विदूषक होता आणि १९४९ साली तर तो स्वतःहून तोंडाला काळे फासून मिरवणुकीत बसला होता. आणि वाद रंगात आलेला असताना दुसऱ्याने ‘जॅझमध्ये सगळेच उसने, तेव्हा कोणी कोणाची टिंगल केली याचा हिशेब कशाला’ असे म्हणून विषय झटकून टाकला, हे तू सविस्तर लिहिले आहेस. पहिल्या मित्राची माहिती खरी आहे, निष्कर्ष अपुरा आहे. दुसऱ्याचे म्हणणे मात्र मला मुळीच मान्य नाही. उसनवारी असो की टिंगल, मी दोन्ही ठिकाणी एकच चौकशी करते: कोणी कोणाचे घेतले, आणि घेताना मूळ माणसाचे नाव ठेवले की पुसले?

१९४९ पासून सुरुवात करते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या मार्डी ग्रा उत्सवात १८७२ पासून ‘रेक्स’ नावाच्या मंडळाचा राजा मुकुट घालून, राजदंड हाती घेऊन शहरातून मिरवत आला आहे. मंडळ गोऱ्या प्रतिष्ठितांचे. काळ्या रहिवाशांच्या वाट्याला उत्सवात आली ती मुख्यतः रात्रीच्या मिरवणुकांतल्या मशाली धरण्याची कामे. १९०९ साली शहरातल्या काळ्या कष्टकऱ्यांनी आपला वेगळा राजा काढला, तो ‘झुलू’. त्या पहिल्या राजाचा मुकुट चरबीच्या रिकाम्या डब्याचा होता आणि राजदंड केळीच्या दांड्याचा. पुढे गवताचा घागरा, काळे फासलेला चेहरा, डोळ्यांभोवती व ओठांभोवती पांढरे पट्टे, आणि गर्दीला वाटलेले नारळ असा त्याचा थाट ठरून गेला. या सोंगात दोन टोले एकदम होते. एक रेक्सच्या डामडौलाला, आणि दुसरा आफ्रिकी माणसाविषयी गोऱ्यांच्या मनात असलेल्या रानटी चित्राला. आर्मस्ट्राँग याच शहराच्या गरीब वस्तीत १९०१ साली जन्मला. झुलूंचा राजा होणे हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न होते, आणि १ मार्च १९४९ रोजी ते पूर्ण झाले. त्याच्या आठवडाभर आधी त्याचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते.

आता अडचण पाहा. आपल्या वगातला सोंगाड्या पाटलाची नक्कल करतो तेव्हा समोर बसलेल्या गावाला पाटील ठाऊक असतो, म्हणून हसू नेमके ज्याच्यावर यायचे त्याच्यावर येते. झुलू राजाचे छायाचित्र उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत गेले तेव्हा तिथल्या वाचकाला रेक्स दिसत नव्हता, केळीच्या दांड्यामागचा इतिहासही माहीत नव्हता. त्याला दिसला तो तोंडाला काळे फासलेला जगप्रसिद्ध काळा कलावंत. काळ्या समाजाच्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर कडक टीका केली, आणि मला ती टीका अन्यायाची वाटत नाही. शाळेच्या दारात आणि न्यायालयात माणूस म्हणून ओळख मागणाऱ्या लोकांना ते चित्र परवडणारे नव्हते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तर न्यू ऑर्लिन्समधल्याच काळ्या नागरिकांनी या मिरवणुकीला विरोध केला. तेव्हा ‘त्यांच्या परंपरेत ते चालते’ एवढे म्हणून तुझ्या मित्राचे तोंड बंद करता येणार नाही.

परंतु त्या काळ्या रंगाची वंशावळही त्याला सांग. अमेरिकेच्या दक्षिणेत मळ्यांवरचे गुलाम मालकांच्या ऐटदार नाचाची थट्टा म्हणून छाती काढून, पाय उंच टाकत चालत. त्यातून ‘केकवॉक’ आला. मालकांना ते पाहून करमणूक वाटे. आपलीच नक्कल होते आहे हे त्यांच्यापैकी कितीजणांना कळत असेल कोण जाणे. १८३० च्या सुमारास टी. डी. राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून ‘जिम क्रो’ हे काळ्या माणसाचे पात्र नाचवू लागला, त्यातून मिन्स्ट्रेल खेळांची, म्हणजे तोंड काळे करून काळ्यांची नक्कल करणाऱ्या नाचगाण्यांची, लाट उठली, आणि त्याच पात्राचे नाव पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना चिकटले. या खेळांनी केकवॉकही उचलला. म्हणजे गुलामांनी मालकांची केलेली नक्कल गोऱ्या नटांनी गुलामांची नक्कल म्हणून तिकीट लावून विकली. पुढे काळ्या कलावंतांना रंगभूमीवर काम मिळवायचे तर त्यांनाही काजळी फासावी लागली; बर्ट विल्यम्ससारखा थोर विनोदी काळा नट ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतल्या, बड्या खेळांत गेला तरी ती त्याच्या चेहऱ्यावरून उतरली नाही. आर्मस्ट्राँगच्या चेहऱ्यावरचा रंग या सगळ्या हातांतून आलेला आहे. तो कोणाचा, याचे सरळ उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी चटकन असते त्यांच्याशी वाद घालायला मला आवडत नाही.

परत आलेल्या एलपीवर १९२९ चे ‘ब्लॅक अँड ब्लू’ आहे, ते मित्राने ऐकले आहे काय? ‘हॉट चॉकलेट्स’ या ब्रॉडवेवरच्या खेळासाठी फॅट्स वॉलर आणि हॅरी ब्रुक्स यांनी चाल दिली, अँडी रझाफ यांनी शब्द लिहिले. खेळात ते गाणे एका काळ्यासावळ्या बाईचे गाऱ्हाणे होते: पुरुष उजळ रंगाच्या बायकांमागे जातात आणि मी एकटी राहते. प्रेक्षकांनी हसावे अशीच योजना होती. आर्मस्ट्राँग त्याच खेळात काम करत होता. त्याने जुलै १९२९ मध्ये ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीचे ते कडवे सरळ वगळले, आणि उरलेले शब्द त्याच्या आवाजात एका सबंध समाजाचे दुःख होऊन बसले. एकही शब्द नवा लिहिला नाही. फक्त काय गायचे नाही ते ठरवले. विनोदाच्या नावाखाली केलेला अपमान उचलून त्याचे असे काही करता येते, हे मला ती तबकडी ऐकेपर्यंत कोणी समजावून सांगू शकले नसते.

आपसातली टिंगलही तितकीच धारदार होती. १९४० च्या दशकात बीबॉप ही जॅझची नवी शैली आली तेव्हा जुन्या शैलीच्या चाहत्यांना नव्या मंडळींनी ‘बुरसटलेली अंजिरे’ म्हणावे आणि जुन्यांनी नव्या संगीताला गोंगाट म्हणावे असा तो काळ होता. १९५२ साली बीबॉपचा तुतारीवादक डिझी गिलेस्पीने आर्मस्ट्राँगच्या गाण्याची आणि खरखरीत आवाजाची नक्कल करणारी तबकडी काढली. आर्मस्ट्राँगने १९५४ साली एका जुन्या विद्यार्थिगीताची चाल घेऊन बॉपवाल्यांची खिल्ली उडवली. दोन्ही ऐक. नक्कल करायला आधी ती वस्तू अंगात मुरवावी लागते, आणि गिलेस्पीला आर्मस्ट्राँग किती पाठ होता हे त्याच्या थट्टेतूनच उघड होते. पुढे १९५९ साली दूरचित्रवाणीवर दोघे शेजारी उभे राहून गायले आणि वाजवले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ते जवळपास राहणारेही होते. या टिंगलीला मी खुशाल टिंगल म्हणते, कारण दोघांच्याही हातात तुतारी होती आणि दोघांनाही उत्तर देता येत होते.

‘गोऱ्यांचा विदूषक’ या शब्दांना उत्तर म्हणून एवढे पुरे होणार नाही, म्हणून पुढचे. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शिरू न देण्यासाठी नॅशनल गार्ड उभे केले. आर्मस्ट्राँग तेव्हा नॉर्थ डकोटामध्ये दौऱ्यावर होता. त्याने वार्ताहराला बोलावून घेतले नव्हते. विचारल्यावर मात्र गव्हर्नरवर आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर असे काही सुनावले की सारी वर्तमानपत्रे हादरली, आणि सरकारतर्फे ठरत असलेल्या सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार नाही असेही त्याने सांगून टाकले. काही दिवसांनी केंद्राने लष्कर पाठवले. ते त्याच्या बोलण्यामुळे पाठवले असे मी म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लुइझियानाने १९५६ साली काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदात दोन्ही होते, आणि तो १९६५ पर्यंत आपल्या जन्मगावी वाजवायला गेला नाही. झुलूंचा राजा स्वतःच्या राज्याबाहेर राहिला.

त्याच फॉबसवर कॉन्ट्राबास हे मोठे तंतुवाद्य वाजवणाऱ्या चार्ल्स मिंगसने ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचले. १९५९ साली कोलंबिया या तबकडी कंपनीने ते काढले ते केवळ वाद्यांवर. शब्द कंपनीला नको होते असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी कँडिड या छोट्या कंपनीसाठी मिंगस आणि ढोलवादक डॅनी रिचमंड यांनी तेच प्रश्नोत्तरांसह गायले, आणि त्यात फॉबसला नावानिशी मूर्ख व रोगट ठरवले आहे. हा विनोद सभ्य नाही. सभ्य असावा असेही मला वाटत नाही, कारण ज्याच्या हाती बंदुका होत्या त्याची टवाळी करणाऱ्याच्या हाती फक्त कॉन्ट्राबास होता. तुझ्या मित्राला आक्षेपार्ह व्यंग नको असेल तर ही तबकडीही त्याने परत करायला हवी. तो करणार नाही, आणि का करणार नाही याचा त्याने विचार केला तर वाद पुष्कळ पुढे जाईल.

आता ‘सगळेच उसने’ या दुसऱ्या मताकडे वळते. जॅझची पहिली मानली जाणारी तबकडी फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या वादकांनी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये घोडा खिंकाळतो आणि कोंबडा आरवतो. ती इतकी खपली की त्याच वर्षी शिकागोच्या न्यायालयात दोन पक्ष ती चाल आपलीच म्हणून भांडले. न्यायाधीशांनी हक्क कोणालाही दिला नाही. गंमत अशी की त्याच वादकांपैकी तुतारीवादक निक लारोका उतारवयात जॅझच्या जन्माशी काळ्यांचा काही संबंधच नव्हता असे सांगत राहिला. ती सुरावट उचलली याचा मला राग नाही. नाव पुसण्याचा आहे.

याउलट ‘मूड इंडिगो’ पाहा. १९३० च्या या तबकडीचे श्रेय वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनला आणि त्याचा व्यवस्थापक-प्रकाशक अर्व्हिंग मिल्स याला मिळाले. पण चालीचा मोठा भाग क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्डने आणला होता, आणि त्याने तो आपले गुरू लोरेंझो टिओ यांच्याकडून घेतला होता. बिगार्डचे नाव पुष्कळ उशिरा लागले. एलिंग्टनने त्या सुरांना दिलेला रंग विलक्षण आहे: बंद तोंडाची तुतारी वर, बंद तोंडाचा ट्रॉम्बोन मध्ये आणि क्लॅरिनेट खाली, नेहमीच्या रचनेच्या उलट. उसने घेऊन त्याने भर घातली, हे कोणी नाकारणार नाही. मिल्सने काय भर घातली, ते मात्र मला ऐकू आलेले नाही.

तिसरी तऱ्हा बीबॉपचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची. नोव्हेंबर १९४५ मधले त्याचे ‘को-को’ हे रे नोबलच्या ‘चेरोकी’ या १९३८ च्या गाण्याच्या स्वरसंगतीवर उभे आहे. पहिल्या प्रयत्नात वादक मूळ चालच सुरू करतात आणि कोणीतरी त्यांना मध्येच थांबवते. ती अर्धवट फेरीही पुढे प्रसिद्ध झाली. मूळ चाल वाजवली असती तर प्रकाशकाला पैसे द्यावे लागले असते. स्वरसंगतीवर कोणाचा हक्क चालत नाही. त्यातही, नोबल हा इंग्रज आणि त्याने गाण्याला नाव दिले एका मूळ अमेरिकी जमातीचे, हे ध्यानात घेतले की कोण कोणाचा ऋणी आहे याचा गुंता आणखी वाढतो.

आपल्याकडेही हेच घडले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५० च्या ‘समाधि’ चित्रपटासाठी ‘गोरे गोरे’ केले, त्याची प्रेरणा गायिका-नटी कार्मेन मिरांडाच्या ‘चिको चिको’मध्ये स्पष्ट ऐकू येते. त्यांच्याबरोबर काम करणारा गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजला होता. त्याच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला, पण त्या काळच्या तबकड्यांवर त्यांची नावे सहसा छापली गेली नाहीत. मला चिको चिकोपेक्षा याचे वाईट अधिक वाटते.

म्हणूनच तुमच्या अदलाबदलीला मी छंद म्हणून हलके लेखत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतले आणि फ्रान्समधले चाहते भंगाराच्या दुकानांतून जुन्या तबकड्या उपसत, एकमेकांना देत, आणि त्यांच्या शेवटच्या खोबणीपाशी कोरलेल्या क्रमांकांवरून कोणत्या दिवशी कोण वाजवत होते ते जुळवत. शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये पॅरिसहून अशी पहिली मोठी सूची काढली. न्यूयॉर्कच्या कमोडोर दुकानाचे मिल्ट गॅबलर जुन्या तबकड्या पुन्हा काढताना लेबलावर प्रत्येक वादकाचे नाव छापू लागले. पुढे १९३९ साली गायिका बिली हॉलिडेचे, काळ्यांच्या झुंडबळींवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ कोलंबियाने नाकारले तेव्हा ते काढले याच कमोडोरने. नावे परत लावण्याचे काम मुख्यतः अशा हौशी, हट्टी माणसांनी केले.

तेव्हा ती एलपी त्या मित्राला पुन्हा देऊ कर, पण आधी ‘ब्लॅक अँड ब्लू’ दोघांनी बसून ऐका आणि त्याने मत बदलले नाही तरी रागावू नकोस. त्याच्याकडे मिंगसची कँडिडवाली प्रत आहे असे तू लिहिलेस. बदल्यात तीच माग, आणि घेताना दुसरी बाजू उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहून घे. सी. रामचंद्रांच्या ‘शोला जो भडके’ची लाखेची तबकडी मात्र अदलाबदलीत काढू नकोस. ती तुझ्या मामाची आहे आणि तो अजून तिची चौकशी करतो.

तुझी,
आई