शेवग्याचा पाला, पावडर आणि अर्क एक नव्हेत

संपादक महोदय,

माझ्या भाचीला सहावा महिना लागला आहे. चौथ्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन 9.8 होतं, गेल्या आठवड्यात ते 8.6 वर आलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिने त्या बंद केल्या आणि त्याऐवजी शेवग्याच्या पाल्याची पावडर रोज एक चमचा घेऊ लागली. डब्यावर 'लोहाचा खजिना, अँटिऑक्सिडंटने समृद्ध' असं छापलेलं. पोरीने आपल्या परीने बाळाच्या भल्याचंच केलं होतं, म्हणून जीव जास्त तुटला.

मी 31 वर्षं महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होते. एमएस्सीची मुलं प्रकल्पासाठी हाच पाला आणायची, कधी माझ्याच परसातला. सावलीत वाळवायचा, कुटायचा, मिथेनॉलमध्ये भिजत ठेवायचा, गाळून आटवायचा. तळाशी उरतो तो काळपट हिरवा चिकट गोळा म्हणजे अर्क. अँटिऑक्सिडंट गुण तपासायला डीपीपीएच नावाचं रसायन वापरतात; त्याच्या गर्द जांभळ्या द्रावणात हा अर्क घातला की रंग उतरत जाऊन पिवळट होतो. किती उतरला ते 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्रावर मोजायचं आणि क जीवनसत्त्वाशी ताडून पाहायचं. क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल अशी पाल्यातली द्रव्यं हे काम करतात. ते खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण चहाच्या अर्कानेही तो रंग असाच उतरतो. आणि ही परीक्षा नळीतली आहे. पोटात गेल्यावर त्यातलं किती अंगी लागतं, हे त्या रंगावरून कळत नाही. जाहिरातीत मात्र अर्काचा गुण पावडरीला चिकटवतात.

पोषणाच्या आकड्यांचंही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 6.4 ग्रॅम प्रथिनं, 310 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि 4.5 मिलिग्रॅम लोह आहे. पालेभाजी म्हणून हे फारच चांगलं. पाल्यात पाऊण भाग पाणी असतं. ते उडालं की तोच आकडा चौपट दिसतो, आणि मग त्याची तुलना ताज्या दुधाशी, ताज्या संत्र्याशी केली जाते! क जीवनसत्त्व तर वाळवतानाच बरंचसं जातं. शिवाय 100 ग्रॅम पावडर कोण खातं? चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅममध्ये लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम असतं. भाचीला मी हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ती गप्प झाली.

आणखी एक गोष्ट डब्यावर कधीच नसते. क्लोरोजेनिक आम्लासारख्या ज्या फिनॉलिक द्रव्यांचं अँटिऑक्सिडंट म्हणून कौतुक होतं, तीच वनस्पतींतल्या लोहाला धरून ठेवतात आणि शोषण कमी करतात. म्हणून भाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

मी शेवग्याच्या विरोधात नाही. आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ झाल्याशिवाय सण होत नाही. काड्या निवडून पाला कोवळा घ्यावा, कांदा-मिरचीवर परतावा, भिजवलेली डाळ आणि वरून ओलं खोबरं. एका वेळी माणशी मूठ-दोन मुठी पाला सहज पोटात जातो. पण अष्टमी झाली की तो विसरायचा, सुरवंट येतात म्हणून झाड तोडायचं आणि मग पाला डब्यातून विकत आणायचा, हे मला पटत नाही. फांदी खोचली तरी रुजणारं झाड आहे. अंगणवाडीच्या प्रत्येक परसबागेत एक तरी असावं.

आपल्या आरोग्य पुरवणीला विनंती आहे: यापुढे शेवग्यावर लेख छापताना आकडा ताज्या पाल्याचा, पावडरीचा की अर्काचा, हे स्पष्ट लिहावं. पावडरीच्या डब्यांवरही एका चमच्यात लोह आणि कॅल्शियम किती, हे मराठीत छापणं सक्तीचं व्हायला हवं. आणि गरोदर बायकांनो, गोळीने मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलून घ्या, मनाने बंद करू नका. भाचीला आता रात्री जेवणानंतर गोळी दिली आहे, आणि ती तिला सोसते आहे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग