लेबर रूमशेजारची बाहुली

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वॉर्डातले काम सोडून मी स्किल लॅबमध्ये, म्हणजे बाहुलीवर सराव करून घेण्याच्या खोलीत, शिकवू लागले, याबद्दलची बाबांची शंका फोनवर मला नीट दूर करता आली नाही. खोट्या बाळावर शिकलेली मुलगी खऱ्या बाळाला कशी वाचवणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जन्मलेल्या शंभर बाळांपैकी साधारण १० बाळांना श्वास सुरू होण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना अंग कोरडे पुसणे आणि पाठ चोळणे एवढे पुरते. त्यानंतरही जे बाळ श्वास घेत नाही, त्याला जन्मल्यापासून मिनिटभराच्या आत बॅग-मास्कने, म्हणजे नाकातोंडावरच्या मास्कला जोडलेली पिशवी हाताने दाबून, हवा देणे सुरू व्हावे लागते. लहान केंद्रातल्या ए.एन.एम.वर, म्हणजे बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकेवर, असा प्रसंग क्वचितच येतो, आणि आला की पुस्तकात काय वाचले होते ते आठवायला सवड मिळत नाही. आई, उपकेंद्रात इतकी वर्षे काढल्यावर तुला हे मी सांगायला नको. तुमच्या काळी हा हात खऱ्या बाळावरच बसवावा लागे, आणि शेजारी जाणती सिस्टर असेल की नाही हे नशिबावर असे.

आमच्या बाहुलीत कोमट पाणी भरतात, त्यामुळे ती हातात घेतली की नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी जड आणि लुळी लागते. नाळेतले ठोके, रडणे आणि श्वास हे सारे माझ्या हातातल्या छोट्या फुग्यांवर चालते. विद्यार्थिनी मास्क लावून बॅग दाबू लागते, "हवा जाते आहे" असे आत्मविश्वासाने सांगते, आणि बाहुलीची छाती मात्र जागची हलत नाही. मान जास्त वाकलेली असते किंवा हनुवटीपाशी मास्क सुटलेला असतो. मी काही बोलत नाही. ती मान किंचित मागे घेते, मास्क पुन्हा बसवते आणि मग छाती वर येते. मिनिटाला ४० ते ६० या गतीने तिचा हात चालू लागला की चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. ही चूक तिने इथे दहा वेळा केली तरी कुणाच्या बाळाला त्याची किंमत मोजावी लागत नाही. माझ्या दृष्टीने ही सोय नाही, ते आमचे कर्तव्य आहे.

बाबा, ही पद्धत परकी किंवा नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेद घेण्याचा आणि कापडाच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव सांगितला आहे. पुष्कळ शास्त्र ऐकलेला विद्यार्थीही असा सराव केल्याशिवाय कर्माला अयोग्य ठरतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. फ्रान्समध्ये १८व्या शतकात मादाम द्यू कूद्रे या सुईणीने कापड आणि चामड्याचे प्रसूतीचे मॉडेल तयार केले आणि राजाच्या परवानगीने गावोगाव फिरून त्यावर सुईणींना शिकवले.

तरीही बाबांच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे, आणि ती मला या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते. टांझानियातील हायडम रुग्णालयात एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर परिचारिकांची बाहुलीवरची कामगिरी सुधारली, पण प्रत्यक्ष लेबर रूममधले वागणे फारसे बदलले नाही. पुढे तिथेच, कामाच्या जागी, थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू कमी झाले. म्हणजे शिबिर भरवून आणि प्रमाणपत्र देऊन भागत नाही. काही ठिकाणी बाहुली डबाबंद करून कपाटात ठेवतात आणि चावी वरिष्ठांकडे असते, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. ती लेबर रूमशेजारच्या टेबलावर असावी आणि ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येकीने पाच मिनिटे हात चालवून पुढे जावे, यासाठी मी सध्या पाठपुरावा करत आहे.

सरावानंतर आम्ही सगळ्या गोल बसून बोलतो, त्याला डिब्रीफिंग म्हणतात. कुणाचे चुकले हे तिथे विचारायचे नसते. तुला त्या क्षणी काय दिसले, मदतीला कुणाला हाक मारलीस, बॅग कुठे ठेवली होती, असे विचारायचे असते. एरवी गप्प राहणाऱ्या मुली इथे मोकळेपणाने बोलतात, आणि बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणे धोक्याचे आहे हे त्यांचे त्यांनाच सापडते.

आई, यात मला तुझी मदत हवी आहे. आमचे बरेचसे सराव-प्रसंग मोठ्या रुग्णालयांना धरून लिहिलेले आहेत; दिवे गेलेले उपकेंद्र, सोबतीला फक्त एक आशाताई, आणि रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ त्यांत नसतो. तुझ्या आठवणीतल्या अवघड बाळंतपणांपैकी काही मला लिहून पाठव. नावे-गावे नकोत, काय हाताशी होते, काय नव्हते, बाळंतिणीच्या सासूने काय विचारले आणि तू आधी काय केलेस, एवढे हवे. बाबांचे अक्षर चांगले आहे, तू सांग आणि त्यांनी उतरवून घ्यावे. पुढच्या महिन्यात नवी तुकडी यायच्या आत मिळाले तर त्यावरूनच पहिला प्रसंग बसवीन.

तुमची,
सुमन