गाडी बदलली, पण डीपी कोण बदलणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल पेपरात रोज काही ना काही येते, सबसिडी किती, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, काही वर्षांत सगळेच इलेक्ट्रिकवर जाणार वगैरे, पण वाचताना मले नेहमी वाटते की लिहिणाऱ्याच्या घरची लाईन कधी जातच नसावी. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, सात एकर, त्यातलं तीन ओलीत. घरात दीड वर्षापासून भाच्याची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, म्हणून लिहितो. विरोधात नाही बरं का, हे आधीच सांगून ठेवतो.

फायदा आहेच. तीन युनिटमध्ये गाडी ऐंशी-नव्वद किलोमीटर चालते, म्हणजे पंचवीस-तीस रुपयांत काम होते, तेवढ्याच अंतराले पेट्रोल दोन लिटर लागते आणि लिटरचा भाव शंभराच्या वर. आपल्या देशाले लागणारं कच्चं तेल 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येते, तेव्हा जेवढं वाचलं तेवढं चांगलंच. (पेट्रोलवरचा टॅक्स बुडाला की सरकार तो कुठून वसूल करते ते पाहूच, सोडणार तर नाही.)

आता गावाकडचा हिशोब पाहा. आमच्या गावठाणाले 63 केव्हीएची, म्हणजे फार तर साठेक किलोवॅट लोड झेपणारी, एक डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. स्कूटरचा चार्जर घेते साधारण पाऊण किलोवॅट, एका गाडीचं काहीच नाही. पण उद्या गावातल्या पन्नास पोट्ट्यांनी अशा गाड्या घेतल्या आणि सगळे शेतातून, तालुक्यावरून संध्याकाळी सात वाजता घरी येऊन एकदमच प्लग लावून बसले तर 37 किलोवॅट नुसते गाड्यांचे झाले, म्हणजे अर्ध्याच्या वर डीपी त्यातच गेली, त्यावर घरोघरचे पंखे, टीव्ही, उन्हाळ्यात कुलर. मागच्या वैशाखात नुसत्या कुलरच्या लोडनं डीपी जळली होती तर नवीन यायले अकरा दिवस लागले, ट्रॅक्टरचं भाडं सुद्धा गावानंच वर्गणी करून दिलं. त्या अकरा दिवसांत भाच्याची गाडी ओसरीत उभी आणि माझी पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल रस्त्यावर. पेट्रोल कसं, किराणा दुकानात बाटलीत भेटते, नाहीतर शेजाऱ्याच्या टाकीतून नळी लावून काढता येते. चार्जिंग उसनं कोण देणार?

आणि सात वाजताची ही वीज येते कुठून, तर कोळशातून, तेव्हा सूर्य तर बुडालेला असते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, कोराडी, खापरखेडा, पारस वेगळे. कोळसा आमचा, राख आमची, मे महिन्यातलं 46-47 डिग्री पण आमचंच, आणि धूर कमी झाला म्हणून पुण्या-मुंबईची हवा स्वच्छ! राग नका मानू, पण इथं बसून असंच दिसते राजेहो.

खरी गंमत मले शेतात सुचली. गाडी दिवसभर कुठं असते? धुऱ्यावरच्या निंबाखाली. शेजारच्या वावरात पाच एचपीचा सोलर पंप आहे, त्याचे पॅनल तिथून वीस पावलांवर. आमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन, पावसाळ्यात पाणी द्यायचं काम क्वचित, गहू-हरभरा निघाला की पंप पार जूनपर्यंत बंद, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने ते पॅनल नुसते ऊन खात उभे असतात आणि गाडी मात्र संध्याकाळी घरी येऊन कोळशाची वीज पिते. सरकारच्या सोलर पंपाच्या पीएम-कुसुम योजनेत असा कंट्रोलर बसवायची सोय आहे की त्याच पॅनलवर पंप नसला तेव्हा चक्की, कडबाकुट्टी चालवता येते. मग त्यातच गाडीच्या चार्जिंगचा एक प्लग काहून नाही देत? नवीन जे सोलर पंप वाटणं चालू आहे त्यांना तरी हा कंट्रोलर सरसकट द्यावा आणि जुन्यांना कमी पैशात बसवून द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. मोठे चार्जिंग स्टेशन हायवेवर होतीलच, पांदण रस्त्यावर कोणी येत नाही.

पांदणीवरून आठवलं, या स्कूटरची चाकं लहान, जुलै-ऑगस्टात काळ्या मातीचा गारा असा बसते की चाक फिरतच नाही, खताची बॅग तर दूरच. कंपन्यांनी एकदा आमच्याकडे पावसाळ्यात गाडी चालवून पाहावी. बॅटरीचं पण तसंच, उन्हातून आल्या आल्या चार्जिंगले लावू नका म्हणतात, आता उन्हाळ्यात इथं ती गार कधी व्हावी? आणि संपलेली बॅटरी परत घेणं 2022 च्या नियमानं कंपनीवर आहे, पण गावात तर भंगारवालाच येते, तो किलोनं मोजते.

सध्या हरभऱ्याले पाणी चालू आहे, शेताच्या लाईनची या आठवड्यात रातची पाळी. बारा वाजता निघायचं आहे, भाच्याच्या गाडीत 18 टक्के दिसते, म्हणून मी मोटारसायकलमध्ये बाटलीभर पेट्रोल टाकून ठेवलं.

आपला,
एक कास्तकार वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ