सडा उंच आहे, पंपघर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जैतापूरच्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की माडबनचा सडा, म्हणजे प्रकल्पाच्या जागेचे कातळी पठार, किती उंच आहे, हे हमखास ऐकवले जाते. लाट तिथवर पोचणारच नाही म्हणे. सडा उंच आहे हे खरे. पण पंपघराला पाण्यापाशी उतरावेच लागते. तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्रात २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी शिरले ते समुद्राचे पाणी उचलणाऱ्या पंपघरात. कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राला, पाणी पुरवणारे पंप थांबले आणि चालू असलेला दुसरा संच बंद झाला. तो सुरक्षितपणे बंद झाला, हेही सांगायला हवे.

अशा पंपघरावर लक्ष ठेवतो तो किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रातील यंत्रणा अभियंता. तो म्हणजे बटणे दाबणारा ऑपरेटर नव्हे आणि पाना हातात घेणारा फिटरही नव्हे. एखादी यंत्रणा त्याच्या नावावर असते आणि तिची तब्येत बिघडण्याआधी ओळखणे हे त्याचे काम. समुद्रपाण्याची यंत्रणा ज्याच्या वाट्याला येते, त्याला पावसाळ्यात उसंत नसते.

१,६५० मेगावॉटचा एक संच सुमारे ४,५०० मेगावॉट उष्णता तयार करतो. वीज करून उरलेली जवळपास दोन तृतीयांश उष्णता समुद्रात जाते. सोडलेले पाणी घेतलेल्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त तापू द्यायचे नसेल, तर एका संचाला सेकंदाला साधारण १ लाख लिटर पाणी खेचावे लागते. असे सहा संच प्रस्तावित आहेत. पाण्याबरोबर फाटकी जाळी, झावळ्या, प्लास्टिक, जेलीफिश असे सगळेच येते. ते अडवायला आधी गजांची ट्रॅश रॅक, मग फिरत्या जाळ्या. जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची पाण्याची पातळी यांतला फरक हा इथला कळीचा आकडा. तो वाढला की जाळी वेगाने फिरवायची, धुण्याच्या फवाऱ्यांचा दाब तपासायचा. तरीही वाढतच राहिला तर संचाची वीज उतरवून एखादा पंप थांबवायचा. उशीर झाला तर पंपापाशी पाणी खाली जाते आणि पंप हवा ओढू लागतो. फ्रान्समध्ये ग्रॅव्हलिनला ऑगस्ट २०२५ मध्ये जेलीफिशनी जाळ्या तुंबवल्या आणि चार अणुभट्ट्या बंद पडल्या.

जाळीतून जे निसटते ते जास्त छळते. शिनाण्यांच्या (खडकांना चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांच्या) अळ्या डोळ्यांना दिसतही नाहीत. बोगद्यात वाहते पाणी आणि आयते खाणे मिळते, तिथे त्या भिंतीला धरून वाढतात. उपाय क्लोरीनचा, पण अधूनमधून दिलेली मात्रा वाया जाते: चाहूल लागताच शिनाणे शिंपला मिटून बसतात आणि मात्रा संपली की उघडतात. म्हणून क्लोरीन थोडे, पण अखंड द्यावे लागते. जास्त झाले तर बाहेर मासळीला अपाय. मेलेले शिंपले सुटून कंडेन्सरच्या नळ्यांत अडकतात, तिथे पाण्याला भोवरा पडतो आणि तांब्याच्या मिश्रधातूची नळी आतून झिजते. टायटॅनियमची नळी हे सोसते.

टाचणीएवढे भोकही पुरते. कंडेन्सरमध्ये वाफेच्या बाजूला जवळपास निर्वात असल्याने खारे पाणी आत ओढले जाते. १० लाख लिटर शुद्ध पाण्यात १ लिटर समुद्राचे पाणी मिसळले तरी क्लोराइड अब्जात १९ भागांवर जाते, आणि बाष्पजनित्राच्या (अणुभट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांच्या दृष्टीने ही काळजीची गोष्ट असते. सोडियम आणि वाहकता मोजणाऱ्या उपकरणांनी इशारा दिला की कंडेन्सरचा कोणता भाग गळतो ते हुडकायचे, वीज कमी करून तेवढाच भाग तोडायचा, त्यातले पाणी काढायचे. नळ्यांच्या तोंडांवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पसरला की गळक्या नळीशी तो आत खेचला जातो. ती नळी दोन्ही टोकांनी बुजवायची; एकच टोक बुजवले तर काम फुकट.

वीजवाहिन्यांच्या इन्सुलेटरचे दुखणे कोकणात सगळ्यांनाच ठाऊक आहे. ऑक्टोबर ते मे त्यांवर मीठ साचते. धो-धो पावसाने ते धुऊन जाते, पण मृगाची पहिली भुरभूर ते नुसते ओले करते आणि ठिणगी उडते. केंद्राच्या पंपांना लागणारी बाहेरची वीज गेली की डिझेल जनित्रांवर भिस्त. अणुभट्टी बंद केल्यावर एका दिवसानेही उष्णता सुमारे अर्धा टक्का उरते. ४,५०० मेगावॉटच्या हिशोबाने २२ मेगावॉट. ती काढायला कंडेन्सरइतके पाणी लागत नाही, पण लागते ते एक क्षणही थांबून चालत नाही.

जैतापूरसाठी प्रस्तावित असलेल्या इपीआर या फ्रेंच अणुभट्टीच्या रचनेत चार वेगवेगळ्या सुरक्षा यंत्रणा असतात, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते रास्त आहे. परंतु चारही पाणी घेणार एकाच समुद्रातून. तेव्हा लोकप्रतिनिधींनी विचारावे: पाणी घेण्याचे तोंड किती खोलीवर, चौघांचे मार्ग कुठवर वेगळे, फिरत्या जाळ्यांचे सुटे भाग मेअखेर जागेवर असतील का. आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांना केवळ नुकसानभरपाईसाठी बोलावू नये. जेलीफिश कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्यावर किनाऱ्याला लागते आणि खाडीचा गाळ पावसाळ्यात कुठवर पसरतो, याची महिनावार नोंद त्यांच्याकडून घेऊन ती पंपघराचा आराखडा पक्का होण्याआधी जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त यंत्रणा अभियंता, राजापूर (जि. रत्नागिरी)