बाहुलीची कंबर आणि ब्लाउजचे माप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या फॅशनवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात गुलाबी रंग, कंबरेपर्यंत रुळणारे सरळ केस आणि आवळलेली कंबर ही आजच्या मुलींची आवड समाजमाध्यमांनी लावली, असे म्हटले होते. नागपूरच्या महाल भागात गेली सव्वीस वर्षे मी ब्लाउज, लेहंगे आणि गाऊन शिवते आहे, आणि मला हे म्हणणे अर्धेच पटते. या मुलींच्या हाती मोबाइल आला त्याच्या कितीतरी आधी बाहुली आली होती, आणि आपण कसे दिसायचे याचा पहिला नमुना त्यांनी तिच्यावरच पाहिला होता.

गेल्या महिन्यात एक होणारी नवरी मापाला आली. कंबर एकतीस इंच भरली. तिने अठ्ठावीसने शिवायला सांगितले, कारण लग्नापर्यंत ती बारीक होणार होती. गाऊनचा फोटो दाखवताना "काकू, घेर अगदी बार्बीसारखा पाहिजे" असेही म्हणाली. अशा वेळी मी वाद घालत नाही. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना भरपूर दाब, म्हणजे जादा कापड, सोडते आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात निमूटपणे उसवून देते. (मे महिन्यात, नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, कॅनकॅनच्या कडक जाळीचे थर लावलेला तो घेर अंगावर वागवणे हे वेगळेच प्रकरण आहे.)

त्या रात्री भाचीची जुनी बार्बी कपाटातून काढली आणि फीत लावून मोजली. उंची साडेअकरा इंच. ही बाहुली माणसाच्या एक षष्ठांश मापाची मानतात, त्या हिशेबाने बाई पाच फूट नऊ इंचांची होते. कंबर साधारण सव्वातीन इंच भरली, म्हणजे सहापट केली तर साडेएकोणीस. माझ्या मापांच्या वहीत कोणत्याही मोठ्या बाईच्या नावापुढे असा आकडा मी आजवर लिहिलेला नाही.

ही कंबर अशी का, याचे कारण शिवणकाम करणाऱ्याला लगेच उमगेल, आणि ते सौंदर्याशी संबंधित नाही. बाहुली सहा पटींनी लहान करता येते, पण कापड लहान करता येत नाही. सुताची जाडी, दुमड, अस्तर, नेफा आणि हुकपट्टी जशीच्या तशीच राहते. स्कर्टचा पट्टा कंबरेवर आला की तेथे कापडाचे चार-चार थर साचतात, आणि खऱ्या प्रमाणातल्या कंबरेवर ते चढवले तर बाहुली पिंपासारखी दिसते. म्हणून कपडे घातल्यावर ती प्रमाणबद्ध दिसावी यासाठी उघड्या बाहुलीची कंबर मुद्दाम बारीक ठेवली, असे स्पष्टीकरण तिच्या निर्मात्यांकडून पूर्वीपासून दिले जाते. थोडक्यात, ती कंबर कापडाला जागा करून देण्यासाठी होती. पुढे मुलींनी ती सोय विसरून कंबर तेवढी लक्षात ठेवली, आणि आता माझ्या दुकानात खऱ्या देहाने कापडाला जागा करून द्यावी अशी मागणी येते.

जर्मनीत मोठ्यांसाठी निघालेली लिली नावाची बाहुली पाहून मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीच्या रुथ हँडलर यांनी बार्बी घडवली, आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली. तोवर मुलीच्या मांडीवर बहुतेक तान्ह्या बाळाची बाहुली असे आणि मुलगी तिची आई होई. या बाहुलीत मात्र मुलगी स्वतःचेच पुढचे रूप पाहू लागली. शार्लट जॉन्सन यांनी तिचे सुरुवातीचे कपडे बेतले आणि ते जपानमध्ये शिवले गेले. इतक्या लहान कपड्याला चेन आणि बटणे लावणाऱ्या हातांना मी कारागीर म्हणून नमस्कारच करीन.

आमच्या लहानपणी आजी चिंध्यांची बाहुली करून देत असे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मूर्तिकारांच्या चितार ओळीतून आणलेली मातीची भुलाबाई घरात बसे, पण ती पूजेची, खेळायला चिंध्यांचीच. त्या बाहुलीलाही कंबर होती, आणि तीही करण्याच्या गरजेतूनच आलेली, कारण मधोमध दोरा आवळल्याशिवाय गाठोड्याची बाहुली होत नाही. तरी तिच्यासारखे दिसावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. आम्ही तिला कपडे शिवत होतो आणि ते बेढब झाले तर हसत होतो. तयार कपड्यांसह खोक्यातून आलेल्या बाहुलीने हे शिवणेच काढून घेतले, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

त्यानंतरचे सगळे क्रमाने दिसते. १९९२ मध्ये पायांपर्यंत केस असलेली बार्बी आली, तिच्या एक कोटीहून अधिक बाहुल्या विकल्या गेल्या, आणि आज केसांची जोड लावून घेणाऱ्या तरुणी त्याच सुमारास किंवा नंतर जन्मल्या. २००१ मध्ये आलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांचे टपोरे डोळे आणि फुगीर ओठ आता पार्लरमधल्या मेकअपमध्ये भेटतात. जुलै २०२३ मध्ये बार्बीवरचा चित्रपट लागला, तेव्हा इतवारीच्या बाजारातून गुलाबी साटीन आणता आणता माझी पुरेवाट झाली. भाचीच्या साडीतल्या बार्बीची साडी मागे वेल्क्रोने लागत असे. आता गिऱ्हाईक मला साडीला निऱ्या शिवून बाजूला चेन लावायला सांगते. नोकरीवर धावणाऱ्या बाईची ती सोय आहे, तिला मी नावे ठेवणार नाही.

मात्र देहाचे तसे नाही. ससेक्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःचे शरीर कमी आवडू लागले आणि बारीक होण्याची इच्छा वाढली, मोठ्या मुलींत तसा परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये मॅटेल कंपनीने उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा नव्या बांध्यांच्या बाहुल्या आणल्या. त्यांत मला सर्वांत मोलाची वाटली ती एक अडचण: जुन्या बाहुलीचे कपडे भरल्या अंगाच्या बाहुलीला होत नाहीत. निदान खेळताना तरी मुलीला कळेल की अंगाप्रमाणे कपडा बदलावा लागतो.

आपल्या पुरवणीतल्या त्या लेखासोबत सहा छायाचित्रे होती आणि सहाही जणी एकाच साच्यातल्या होत्या. पुढच्या लग्नसराईच्या अंकात एकतीस, चौतीस, अडतीस इंच कंबरेच्या नागपूरकर बायकांची, त्यांच्या मापाने शिवलेल्या कपड्यांतली छायाचित्रे छापावीत, ही विनंती. कपडे मी शिवून देईन. शिलाई घेणार नाही, कापडाचे तेवढे आपण पाहावे.

आपली नित्य वाचक,
एक शिवणकाम व्यावसायिक,
महाल, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)